मेणाचा बेडूक आणि मानाचा गळ

डोंगराच्या पायथ्याला एक तळं होतं, आणि तळं होतं म्हणूनच तिथे एक गाव होतं. गावात भोई राहात. शेती थोडीच, तीही खडकाळ. खरं शेत म्हणजे ते तळं. पावसाळ्यात मासे अंडी घालत तेव्हा सगळी जाळी घरोघरी खुंटीला टांगलेली असत. आश्विनात पाणी निवळलं की ती खाली उतरत आणि मग होळीपर्यंत गावाच्या चुली तळ्यावर चालत.

पण जाळी उतरवण्याआधी एक रीत होती. तिला परतवणी म्हणत. गावाचा मानकरी सगळ्यांच्या देखत गळ टाकून एक मरळ धरायचा. ओल्या हातांनी तिचं पोट चाचपून अंडी टाकून झालीत का ते बघायचा आणि तिला परत तळ्यात सोडायचा. मरळ हा मासा मोठा गमतीचा. राहतो पाण्यात, पण अधूनमधून वर येऊन हवेचा एक घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. सोडलेली मरळ अशी घोट घ्यायला वर आलेली दिसली की पाटील हात वर करायचे आणि बायका जाळी काढायला घराकडे पळायच्या.

मरळ मेली, तर मात्र जाळी होळीपर्यंत खुंटीवरच राहायची. असं फार पूर्वी एकदा झालं होतं. त्या हिवाळ्यात लोकांनी रानातले कंद उकडून खाल्ले आणि लेकरं भुकेने रडून झोपली, ही आठवण गाव अजून सांगे. एका माशासाठी गावाने उपाशी राहायचं का, असं परगावचे लोक विचारत. गावातले म्हातारे म्हणत, ज्याच्या हातून एक मासा जिवंत परत जात नाही, त्याच्या हाती सगळं तळं कसं द्यायचं? मला विचाराल तर म्हातारे बरोबर होते.

गावाचा मानकरी होता सुभाना. मान त्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेला, आणि त्याची खूण म्हणजे एक गळ. करंगळीएवढा, काळा, लोखंडाचा, आणि टोकाशी उलटा काटा असलेला. असा काटा आत शिरताना कळतही नाही आणि बाहेर येताना मांस घेऊन येतो. मासा परतच सोडायचा, तर मानाच्या गळाला उलटा काटा हवा कशाला, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. खरं कारण असं, की गाव बघत असताना मासा निसटला तर मानकऱ्याचं हसं होई. तो काटा माशासाठी नव्हताच, मानकऱ्याच्या अब्रूसाठी होता. गळ घरात देवाजवळ एका डबीत तेलात बुडवून ठेवलेला असे. ज्याच्या घरी गळ, त्याच्या घरी मान.

सुभाना दिलदार माणूस. दारी आलेल्याला भाकरीबरोबर रस्सा वाढल्याशिवाय तो जाऊ देत नसे. खोड एकच, लोकांनी आपल्याकडे बघितलेलं त्याला फार आवडे. परतवणीच्या दिवशी तो असा फेटा बांधे की बघणाऱ्याला वाटावं, आज याचंच लग्न आहे.

पण वय कुणाला चुकलंय? त्याचे हात जड होत चालले होते. गळावर लावायचा बेडूक असे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, हळद आणि काजळाने रंगवलेला. मरळ बेडूक समजून त्यावर झडप घाली, पण दाताखाली लाकूड लागलं की लगेच थुंकून टाकी. तेवढ्या वेळात काठीला झटका द्यायचा. तरुणपणी सुभानाच्या हाताला हे शिकवावं लागलं नव्हतं. गेल्या परतवणीला मात्र मरळीने बेडूक थुंकला, पुन्हा थुंकला, परत एकदा थुंकला, आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे एक लागली. त्याचा चुलतभाऊ निंबा म्हणाला, की दादाचे हात आता थकले, मान कुणातरी जवान माणसाने घ्यायला हवा. जवान म्हणजे कोण हे त्याने सांगितलं नाही. निंबाच्या मिशा तर सुभानाच्याही आधी पिकल्या होत्या.

ते बोलणं सुभानाच्या मनाला लागलं. वर्षभर तो डबी उघडून गळ बघे आणि पुन्हा ठेवून देई.

त्याच वर्षी त्याच्या घरी सून आली. तिचं नाव केवळा. डोंगरापलीकडच्या ओढ्याकाठची पोर. तिच्या माहेरीही मासेमारीच, पण तिथलं पाणी वेगळं आणि रीतही वेगळी. कोनाड्यातला लाकडी बेडूक बघून ती पदराआड हसली. सासऱ्याने कारण विचारलं, तर म्हणाली, असले बेडूक आमच्याकडे पोरं खेळायला घेतात. दुसरा एखादा सासरा अशा बोलण्यावर उखडला असता. सुभानाने तिला बसवून घेतलं आणि विचारलं, मग तुमच्याकडे काय लावतात?

केवळाने वडाचा चीक आटवला, त्यात मधाच्या पोळ्याचं मेण घातलं, मंद आचेवर ढवळलं आणि कोमट असतानाच बोटांनी बेडूक वळला. बोटाने दाबला की दबे, सोडला की पुन्हा फुगे. पाय असे लुसलुशीत की पाण्यात आपोआप हलत. घरच्या मांजरानेच तो आधी पळवला आणि चुलीमागे नेऊन चावत बसलं, यावरून काय ते समजा.

बेडूक सासऱ्याच्या हातात देताना केवळाने एक गोष्ट बजावून सांगितली.

"मामंजी, लाकूड मासा लगेच थुंकतो, म्हणून माणूस जागा ऱ्हातो. ह्यो बेडूक मासा थुंकत न्हाई, खराच समजून गिळाया लागतो. तवा मासा ओढंल म्हणून वाट बघायची न्हाई. दोरा जरा बाजूला सरकला की लगेच झटका. मग गळ ओठात लागतो. उशीर झाला की पोटात जातो. आमच्याकडं म्हणत्यात, लाकूड माशाला फसवतं अन् मेण माणसाला."

सुभानाने मान डोलावली. मान डोलावणारा माणूस किती ऐकतो ते देवालाच ठाऊक. त्याने एवढंच ऐकलं होतं, की मासा थुंकत नाही.

तळं बंद असलं तरी ओढ्याच्या डोहावर कुणाची बंदी नव्हती. सुभाना तिथे हात बसवायला जाऊ लागला, आणि पहिल्याच दिवशी त्याला मरळ लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. नवा बेडूक मासा सोडतच नव्हता. घाई नाही, झटापट नाही. दोरा सरकायला लागला की सुभाना सावकाश पान चघळून संपवी, पिंक टाकी, काठावर बसलेल्या माणसाशी सुरू केलेलं बोलणं पुरं करी, आणि मग काठी उचली. मासा असायचाच. आपले हात पुन्हा जवान झाले असं त्याला वाटू लागलं. हात होते तसेच होते. बेडूक मऊ झाला होता, एवढंच.

डोहातला मासा परत सोडायचा नसे. तो घरी येई आणि रश्शात पडे. त्यामुळे गळ त्याच्या ओठात लागला की पोटात, हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. कळलं ते एकट्या केवळाला, कारण मासा चिरायला तीच बसत होती. एका माशाचा घसा फाटलेला, दुसऱ्याचं काळीज फाटलेलं. बेडूक तर पार पोटात. तिने जेवताना सासऱ्याला हे सांगितलं.

सुभानाने हसून रश्शाचा भुरका मारला आणि विचारलं, "पोटात गेला म्हणून चव बदलली का ग?"

"चव न्हाई बदलली, मामंजी. पर परतवणीचा मासा रश्शात न्हाई जायचा. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये."

सासऱ्याला म्हणी ऐकवणारी सून म्हणजे धाडसच. पण सुभाना त्या दिवशी इतका खुशीत होता की त्याने आणखी एक वाटी रस्सा मागितला आणि विषय तिथेच संपला. पालथ्या घड्यावर पाणी.

परतवणीचा दिवस उजाडला. सकाळचं कोवळं ऊन, निवळशंख पाणी, आणि काठावर सगळं गाव. पुरुष एका बाजूला, बायका चिंचेखाली. गळाचा दोरा रीतीप्रमाणे कुंकवाच्या पाण्यात बुडवून लाल केलेला. गळ पाण्यात पडल्यावर मानकऱ्याशिवाय कुणी बोलायचं नाही असा दंडक होता. सुभानाने यंदा फेटा नेहमीपेक्षा मोठा बांधला होता. त्याने काठी फिरवली आणि मेणाचा बेडूक कमळाच्या पानांजवळ अलगद जाऊन पडला.

पाण्यात एक खळगी उमटली आणि बेडूक दिसेनासा झाला.

सुभानाने काठी उचलली नाही. मासा आता कुठे जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. वर्षभर मनात सलत असलेलं बोलून टाकायची हीच वेळ, असं त्याला वाटलं. तो निंबाकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की काय रे निंबा, थकलेल्या हाताला मासा कसा लागतो ते नीट बघून घे, पुढच्या साली तुला उपयोगी पडेल. पुरुषांत खसखस पिकली. सुभानाला बरं वाटलं. त्याने आणखी एक टोला हाणला, तोही लोकांना आवडला.

चिंचेखाली उभी असलेली केवळा मात्र हसत नव्हती. तिचे डोळे लाल दोऱ्यावर होते. दोरा बाजूला सरकला होता, मग थांबला होता, आणि आता हळूहळू खाली जात होता. खाली जाणारा दोरा म्हणजे काय, हे तिला माहेरच्या ओढ्याने शिकवलं होतं. नवी सून, वर गळ पाण्यात असताना बोलायची बंदी. तरीही ती बोलली.

"मामंजी, दोरा."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सुभानाने वळूनही न बघता हात वर करून तिला गप्प केलं, निंबाला सांगायची तिसरी गोष्ट सांगून टाकली, आणि मग काठी उचलली.

मरळ लागलीच होती. मोठी, जुनी, शेपटीचा एक कोपरा कधीतरी कासवाने तोडलेला. सुभानाने तिला झुंजवत काठाशी आणलं आणि गुडघाभर पाण्यात उतरून ओल्या हातांनी धरलं. पोट चाचपलं, अंडी टाकून झालेली होती. लोकांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग गळ काढायला त्याने तिचं तोंड उघडलं.

तोंडात बेडूक नव्हता. ओठात गळ नव्हता. लाल दोरा सरळ घशातून खाली गेला होता, आणि कल्ल्यातून रक्ताची बारीक रेघ पाण्यात मिसळत होती.

सुभानाचा चेहरा उतरला. त्याने दोरा किंचित ओढून बघितला, तशी मरळ सगळ्या अंगाने आक्रसली आणि तिचे कल्ले ताठ उघडले. उलटा काटा आत पक्का रुतला होता. जो काटा त्याच्या वाडवडिलांची अब्रू राखत आला होता, तोच आता सोडायला तयार नव्हता.

काठावर कुजबुज झाली. पाटील पुढे आले. पण बोलला तो निंबा, आणि खरं सांगायचं तर तो वाईट हेतूने बोलला नाही. मानाचा गळ साऱ्या भावकीचा होता. तो म्हणाला, "दादा, जोर लावून ओढ. मासा जगतोय का मरतोय ते बघू. गळ गेला तर घराण्यात काय उरलं?"

सुभाना दोरा बोटाला गुंडाळून तसाच उभा राहिला. ओढला तर गळ हाती येणार होता. आजोबा, पणजोबा, सगळ्यांचे हात त्या लोखंडाला लागलेले. न ओढावा तर घराण्याचा मान एका माशाच्या पोटात जाणार, तोही सगळ्या गावासमोर, आणि निंबाच्या डोळ्यांसमोर. त्याने चिंचेकडे बघितलं. या वेळी त्याने हात वर केला नाही. त्याने विचारलं.

"केवळा, पोरी, काय करू?"

केवळा पदर सावरून पाण्याच्या कडेला आली.

"ओढला तर गळ येईल, मामंजी, अन् संगं तिचा जीवबी येईल. दोरा तोडला तर गळ जाईल. मरळ जगंल का ते मी न्हाई सांगू शकत. पर तिला जगायला जागा ऱ्हाईल."

यावर सुभानाने जे केलं ते ऐकून ठेवावं. तो खाली वाकला. इतका, की फेट्याचा तुरा पाण्यात भिजला. मरळीला त्याने पाण्यातच ठेवलं, वर काढलं नाही. मग तिच्या ओठाशी स्वतःचं तोंड नेऊन त्याने तो लाल दोरा दातांनी तोडला, ओंजळ उघडली आणि तिला जाऊ दिलं. मरळ क्षणभर तशीच थांबली, कलंडली, सावरली आणि कमळाच्या पानांखाली दिसेनाशी झाली.

सुभाना उभा राहिला तेव्हा त्याच्या मिशीवरून पाणी गळत होतं. तो गावाकडे तोंड करून म्हणाला, "गळ खोल गेला तो बेडकामुळं न्हाई. माझ्यामुळं गेला. पोरीनं आधी घरी सांगितलं, मग इथं सांगितलं. मी दोन्ही टायमाला ऐकलं न्हाई."

ज्या माणसाला लोकांनी आपल्याकडे बघावं अशी इतकी हौस, त्याने असं बघितलं जाणं स्वतःहून पत्करलं. मला सुभानाचा मोठेपणा वाटतो तो इथे. गळ ओढून काढणारे हात गावोगाव सापडतील. भर गावासमोर आपला दोरा आपल्याच दातांनी तोडणारं तोंड शोधून काढावं लागेल.

आता वाट बघायची होती. मरळ घोट घ्यायला वर आली तर जाळी उतरतील, मेलेली तरंगली तर खुंटीवर राहतील. एरवी सोडलेली मरळ जरा वेळातच काठाशी वर येई. ही आली नाही. लोक बसून राहिले. दुपार झाली. बायकांनी लेकरांना तिथेच भाकरी भरवली, पण मोठ्यांपैकी कुणी जेवलं नाही. एकदा पानांच्या कडेला काहीतरी पांढरं दिसलं आणि एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. वाऱ्याने उलटलेलं कमळाचं पान होतं ते. सुभाना अजून पाण्यातच उभा होता. पाटलांनी त्याला वर यायला सांगितलं, तर तो म्हणाला, ती वर येईपर्यंत मी कसा येऊ?

केवळा त्याच्या शेजारी जाऊन पाण्यात उभी राहिली. ती काही बोलली नाही, आणि हे तिने फार चांगलं केलं. "मी सांगितलं होतं" हे शब्द तिच्या जिभेवर आले असते तरी तिला कुणी नावं ठेवली नसती.

उन्हं तांबूस झाली. गुरं घरी परतू लागली. आणि कमळाच्या पानांमधल्या मोकळ्या जागेत पाणी हलकेच फुगलं. एक रुंद, काळपट डोकं वर आलं. त्याने हवेचा एक घोट घेतला. ओठाच्या कोपऱ्यात कुंकवाच्या दोऱ्याचं तांबडं टोक सगळ्यांना दिसलं. डोकं खाली गेलं, आणि शेपटीचा तुटका कोपरा एकदा पाण्यावर आपटून तीही गेली.

पाटलांनी हात वर केला. बायका पळाल्या. मोठमोठे बाप्ये रडले आणि आपण रडत नाही असं दाखवण्यासाठी एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. निंबा पाण्यात उतरला, सुभानाचा हात धरून त्याला वर घेऊन आला, आणि त्याचे पाय गारठले होते म्हणून स्वतःच्या उपरण्याने पुसले. भावाभावांचं असंच असतं. टोमणे वर्षभर मारतील, पण पाय पुसायची वेळ आली की दुसऱ्याला पुसू देणार नाहीत.

जाळी तर उतरली. पण ज्याच्या घरी गळ त्याच्या घरी मान, आणि गळ आता कुणाच्याच घरी नव्हता. पाटलांनी सुभानालाच विचारलं, पुढच्या वर्षी काठी कुणाच्या हाती द्यायची? सगळ्यांना वाटलं तो आपल्या मुलाचं नाव घेईल, फार तर निंबाचं. त्याने केवळाचं नाव घेतलं. गावात मान सुनेला कधी मिळाला नव्हता, त्यामुळे दोनचार जण घसा खाकरू लागले. परक्या गावची पोर, असं कुणीतरी पुटपुटलंही. सुभाना म्हणाला, "सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. दोऱ्याकडं ती एकटी बघत होती. मान बघणाऱ्याला द्यायचा का दाखवणाऱ्याला, तुम्हीच सांगा." यावर घसे आपोआप साफ झाले.

नवा गळ गावच्या लोहाराने घडवला. केवळा भात्याशेजारी बसून राहिली आणि तिने त्याला उलटा काटा काढूच दिला नाही. लोहार म्हणाला, बाई, असा गुळगुळीत गळ असला तर मासा निसटेल. ती म्हणाली, निसटला तर निसटू दे, आपल्याला कुठे तो खायचाय?

पुढच्या आश्विनात पुन्हा सगळं गाव काठावर जमलं. केवळाने पदर खोचला, काठी धरली, आणि तसाच मऊ मेणाचा नवा बेडूक पानांजवळ टाकला. त्यानंतर तिने कुणाकडेही बघितलं नाही. माशी नाकावर बसली तरी हाकलली नाही. दोरा केसभर बाजूला सरकला आणि तिचा झटका बसला. फार लवकर बसला. मासा निसटला.

काठावर एक पोरगं फिसकन हसलं. सुभानाने मागे वळून असं काही बघितलं, की पोरगंच काय, त्याचा बापही गप्प झाला. मग तो शांतपणे म्हणाला, "लवकर झालं तर बेडूक रिकामा येतो. परत टाकता येतो. टाक, पोरी."

तिने परत टाकला. पाण्यात खळगी उमटली, दोरा सरकला, झटका बसला, आणि या वेळी काठी वाकली. मरळ काठाशी आली तेव्हा गळ तिच्या ओठाच्या कोपऱ्यात नुसता अडकलेला होता. केवळाने ओली बोटं लावून जरासा मागे फिरवला, तसा तो उतरणीवरून घसरावा इतक्या सहज सुटून आला. रक्ताचा थेंबही नाही. तिने पोट चाचपलं, मान हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि मासा सोडणार एवढ्यात ती थबकली.

"मामंजी, पाण्यात या."

सुभाना उतरला. केवळाच्या हातातल्या मरळीच्या शेपटीचा एक कोपरा तुटका होता. त्याने वाकून तिच्या तोंडात बघितलं. लाल दोरा नव्हता. घसा स्वच्छ, भरून आलेला. वाडवडिलांचं लोखंड तिने आपल्या पोटात गंजवून, विरघळवून, कुठल्यातरी चिखलात टाकून दिलं होतं, आणि स्वतः आणखी हातभर लठ्ठ झाली होती.

म्हाताऱ्याने दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले केले आणि तिच्या पाठीवरून एकदा फिरवले. मग सुनेला म्हणाला, सोड तिला. तिने सोडलं. मरळ फार लांब गेलीही नाही. दोघांच्या समोरच वर आली, घोट घेतला आणि गेली. पाटलांचा हात वर जायच्या आधीच बायका पळत सुटल्या होत्या.

पुढे सुभाना पुष्कळ वर्षं जगला. देवाजवळची डबी त्याने तशीच ठेवली होती, आत नुसतं तेल. गावातली पोरं डबी उघडून विचारत, आजोबा, मानाचा गळ कुठे गेला? तो म्हणे, तळ्याकडं ठेवायला दिलाय. आणि हे सांगताना त्याची मान इतकी ताठ असे, की गळ घरी होता तेव्हाही ती तेवढी ताठ नव्हती.

तात्पर्य: काम सोपं झालं की लक्ष दुप्पट ठेवावं, आणि तरीही आपला गळ कुणाच्या काळजात खोल गेलाच, तर आपली वस्तू ओढून परत घेऊ नये, आपला दोरा तोडावा.